मदत हवी आहे: 'टेक' म्हणजे घेणे, एवढ्याने भागत नाही

नमस्कार. मी नागपूरला नंदनवनात राहते. संध्याकाळी वस्तीतल्या पाच-सहा जणी माझ्याकडे इंग्रजी शिकायला येतात. नातवंडांच्या शाळेचे निरोप वाचता यावेत, एवढीच त्यांची इच्छा.

मागच्या आठवड्यात एका काकूंना वर्गशिक्षिकेचा निरोप आला, 'प्लीज टेक हिज रेनकोट होम टुडे.' टेक म्हणजे घेणे, हे मीच शिकवलेलं. काकू बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात गेल्या आणि नवा रेनकोट घेऊन आल्या. जुना वर्गातल्या खुंटीवरच होता, तो घरी न्या एवढंच बाईंचं म्हणणं. 'मले नाही जमत हे बाप्पा,' म्हणून काकू दोन दिवस आल्याच नाहीत. पैशापेक्षा ते मला फार लागलं.

तेव्हापासून वहीत वाक्यं लिहून काढतेय. 'इट टेक्स 20 मिनिट्स' म्हणजे 20 मिनिटं लागतात. 'टेक ऑफ युवर शूज' म्हणजे बूट काढा. फोटोही काढतोच. परीक्षेचं तर उलटंच: आपल्याकडे मुलं परीक्षा देतात आणि मास्तर घेतात, इंग्रजीत मुलंच ती 'टेक' करतात. दीक्षाभूमीबद्दल वाक्य दिलं, 'द सेरेमनी टुक प्लेस इन नागपूर ऑन 14 ऑक्टोबर 1956.' एकीने विचारलं, 'जागा कोणी घेतली?'

यादी पाठ करून घेऊ, की एखादा मूळ अर्थ धरून शिकवू? मोठ्या वयाच्या बायकांना शिकवलेल्यांनी कृपया सांगा.

प्रतिसाद:
ताई, यादी नको. 'ब्रिंग' आणि 'टेक' जोडीने शिकवा: इकडे आणणे, तिकडे नेणे. पुढे 'होम' किंवा 'टू स्कूल' असं ठिकाण दिसलं की बहुतेक वेळा नेणेच. वेळ दिसली की लागणे. 'टेक प्लेस' म्हणजे घडणे, हा मात्र अख्खा एकच शब्द समजून पाठ करू द्या.

आणि त्यांना आपलं 'लागणे' दाखवा. भूक लागते, निकाल लागतो, नोकरी लागते. तुम्हीच वर लिहिलंय, 'मला फार लागलं.' याचा एकच अर्थ कोण सांगेल? तरी त्या रोज बिनचूक बोलतात. माझ्या वर्गात एवढं कळल्यावरच बायकांची भीती गेली.

धागाकर्ती:
खूप आभार. 'लागणे' सुचलंच नव्हतं. आत्ताच काकूंकडे निघाले. तोच निरोप उघडून 'होम'वर बोट ठेवून वाचायला सांगते.