मंदीत मोक्याची माणसे रोख रक्कम देऊन थांबवावीत का?

मूळ मत : मनुष्यबळ विभागात अठरा वर्षे काम केलेली व्यक्ती, पुणे

मंदी आली की आमच्या विभागाकडे एकाच आठवड्यात दोन याद्या मागितल्या जातात. एक कमी करायच्या माणसांची आणि दुसरी काहीही करून थांबवायच्या माणसांची. दुसऱ्या यादीतील लोकांना वर्षभर न सोडण्याच्या अटीवर एकरकमी पैसे देण्याची पद्धत आता इतकी रुळली आहे की तिच्याबद्दल कोणी प्रश्न विचारत नाही. माझा तिला विरोध आहे.

अमेरिकेतील एआयजी या विमा कंपनीचे उदाहरण घ्या. सप्टेंबर २००८ मध्ये ती बुडू नये म्हणून तेथील मध्यवर्ती बँकेने ८५ अब्ज डॉलरच्या कर्जाची सोय केली आणि कंपनीची सुमारे ८० टक्के मालकी सरकारकडे गेली. त्यानंतर मार्च २००९ मध्ये, ज्या विभागाच्या व्यवहारांनी कंपनी गाळात रुतली त्याच विभागातील लोकांना थांबण्याचा मोबदला म्हणून सुमारे साडेसोळा कोटी डॉलर वाटले गेले. न्यूयॉर्कच्या अ‍ॅटर्नी जनरलनी तपशील मागवला तेव्हा दहा लाख डॉलर किंवा त्याहून अधिक रक्कम मिळालेले ७३ जण निघाले, आणि त्यांपैकी ११ जण तोवर कंपनी सोडून गेलेले होते.

आमच्याकडचा अनुभव आकड्याने लहान असला तरी वेगळा नव्हता. एका मंदीत आम्ही सात अभियंत्यांना अशी रक्कम दिली. अटीची मुदत शुक्रवारी संपली आणि सोमवारी सकाळी त्यांच्यापैकी चौघांचे राजीनामे माझ्या टेबलावर होते. चौघेही वर्षभर जागेवर होते, पण त्या वर्षात त्यांनी एकही नवे काम अंगावर घेतले नव्हते.

प्रतिसाद १ : लघुउद्योजक, भोसरी

आपण एआयजीची अर्धीच बाजू मांडलीत. त्या विभागाकडे तेव्हाही दीड लाख कोटी डॉलरहून अधिक दर्शनी रकमेचे गुंतागुंतीचे करार शिल्लक होते. ज्यांनी ते बांधले त्यांच्याखेरीज ते सोडवणारे दुसरे कोण होते? शिवाय त्या रकमांचे करार कंपनी कोसळण्याच्या आधी, २००८ च्या सुरुवातीलाच झालेले होते. लोकांचा संताप समजण्यासारखा होता, परंतु पसारा आवरायला माणसे लागतात हे त्याने खोटे ठरत नाही.

माझ्या कारखान्याचे सांगतो. सप्टेंबर २०१८ मध्ये आयएल अँड एफएस ही पायाभूत प्रकल्पांना कर्ज देणारी मोठी वित्तकंपनी बुडाल्यावर वाहनकर्जाचा ओघ आटला, त्यातच एप्रिल २०२० पासून गाड्यांच्या धुराचे बीएस-सहा मानक लागू होणार होते, आणि २०१९ मध्ये गाड्यांची मागणी इतकी घसरली की मोठ्या कंपन्या महिन्यातले काही दिवस ब्लॉक क्लोजर घेऊ लागल्या, म्हणजे कारखाना बंद ठेवू लागल्या. आमच्याकडची पत्र्याचे भाग दाबण्याची कामे निम्म्यावर आली. त्याच वेळी आमच्या टूलरूममधील डायमेकरला, म्हणजे पत्रा दाबण्याचे साचे (डाय) बनवणाऱ्याला, दुसरीकडून बोलावणे आले. एका जुन्या डायच्या मागच्या डाव्या कोपऱ्याखाली किती जाडीची शिम (पातळ पट्टी) घातली की भाग चिरत नाही, हे फक्त त्यालाच ठाऊक होते. ते ड्रॉइंगवर कोठेही नव्हते. त्याच्या खिशातल्या तेलकट डायरीत होते. मी त्याला एक लाख वीस हजार रुपये दोन हप्त्यांत देण्याचे ठरवले, पहिला हप्ता सहा महिन्यांनी आणि दुसरा वर्ष पूर्ण झाल्यावर. तो थांबला, आणि मागणी परतली तेव्हा पहिल्याच आठवड्यात आम्ही माल देऊ शकलो. पगारवाढ दिली असती तर तो बोजा कायमचा झाला असता, आणि मंदीत कायमचा बोजा मला पेलला नसता.

प्रतिसाद २ : माजी युनियन पदाधिकारी, चाकण

त्याच वर्षी मी दुसऱ्या बाजूला उभा होतो. ब्लॉक क्लोजरचा निम्मा दिवस आमच्या रजेतून वळता होत होता, ओव्हरटाइम बंद होता, आणि कंत्राटी मुलांना ‘ब्रेक’ देऊन घरी पाठवले जात होते. अशा वेळी कार्यालयातील काही जणांना पाकीट मिळाल्याचे आम्हाला कॅन्टीनमध्ये कळले. आपल्याकडे बोनस म्हणजे दिवाळीचा बोनस, ज्याची किमान ८.३३ टक्क्यांची मर्यादा कायद्याने घालून दिलेली आहे आणि ज्यासाठी कामगार दरवर्षी वाटाघाटीला बसतो. तोच शब्द त्या पाकिटाला लावला गेला, याची चीड रकमेपेक्षा जास्त होती.

आणि मोक्याचा माणूस कोणता हे ठरवते कोण? भोसरीच्या मालकांनी डायमेकर निवडला, त्यांचा मी आदर करतो, पण सर्वसाधारणपणे ती यादी वरून सुरू होते आणि वरच संपते. अमेरिकेत २००५ मध्ये दिवाळखोरीचा कायदा बदलून वरिष्ठांना अशा रकमा देण्यावर कडक बंधने घातली गेली. मग कंपन्या दिवाळखोरीचा अर्ज करण्यापूर्वीच पैसे वाटू लागल्या. हर्ट्झ या गाड्या भाड्याने देणाऱ्या कंपनीने मे २०२० मध्ये अर्जाच्या काही दिवस आधी सुमारे ३४० जणांना एक कोटी बासष्ट लाख डॉलर दिले. त्याच्या महिनाभर आधीच तिने सुमारे दहा हजार लोकांना कामावरून कमी केले होते.

प्रतिसाद ३ : करसल्लागार, ठाणे

ज्याला ही रक्कम मिळते त्याने सही करण्यापूर्वी परतफेडीचे कलम वाचावे. रक्कम पगारात धरली जाते, त्यामुळे आयकराच्या ३० टक्क्यांच्या टप्प्यातील माणसाच्या खात्यात ती टीडीएस, म्हणजे आगाऊ कर, कापूनच येते, परंतु मुदतीआधी सोडल्यास अनेक करारांत पूर्ण रक्कम परत मागितलेली असते, आणि आर्थिक वर्ष उलटले असेल तर भरलेला कर परत मिळवताना दमछाक होते. माझ्याकडे आलेल्या एका तरुणीला हातात न आलेला दीड लाखाचा फरक स्वतःच्या बचतीतून भरावा लागला. अशी अट न्यायालयात टिकत नाही असा समज आहे, तोही धोक्याचा आहे. मे २०२५ मध्ये विजया बँकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तीन वर्षांच्या आत नोकरी सोडल्यास दोन लाख रुपये भरण्याची अट वैध ठरवली.

मूळ मत मांडणाऱ्याचे उत्तर

डायमेकरच्या बाबतीत मी माझे मत बदलतो. तिथे काम नेमके होते, मुदत नेमकी होती, आणि पैसे वर्षाच्या सुरुवातीला नव्हे तर टप्प्याटप्प्याने दिले गेले. आमच्या सात अभियंत्यांना आम्ही फक्त ‘थांबा’ म्हणालो होतो, कशासाठी ते सांगितलेच नव्हते. तरीही माझा एक प्रश्न उरतो : ती डायरी आज कोणाच्या खिशात आहे? वर्षभराचे पैसे मोजून ज्ञान त्याच एका माणसापाशी राहिले असेल, तर पुढच्या मंदीत आपल्याला पुन्हा तेवढेच पैसे काढावे लागतील.

प्रतिसाद ४ : लघुउद्योजक, भोसरी

प्रश्न रास्त आहे. दुसरा हप्ता देताना मी अट घातली होती की टूलरूममधील दोन आयटीआय झालेल्या मुलांना त्याने प्रत्येक डायची ट्रायल सोबत घेऊन दाखवावी. एक मुलगा टिकला नाही. दुसरा आता बारा डाय एकट्याने बसवतो, आणि डायरीतील नोंदी त्याने मोठ्या वहीत उतरवून टूलरूमच्या कपाटात ठेवल्या आहेत.

चाकणच्या बंधूंना मात्र माझे उत्तर अपुरे आहे. मी ती रक्कम बाकीच्यांपासून लपवली होती. प्रेस शॉपमध्ये यंत्रावर डाय बसवणाऱ्या सेटरला ती कळली तेव्हा तो माझ्याशी भांडला नाही, केबिनमध्ये येऊन फक्त विचारून गेला, “शेठ, माझी सोळा वर्षं कोणत्या यादीत धरली होती?” मार्चमध्ये त्याने नोकरी सोडली, आणि त्याच्या जागी तसा सेटर मला अजून मिळालेला नाही.