मदत हवी आहे: एपो-ई जनुक काढलेल्या (नॉकआउट) उंदरांच्या प्लाझ्मात औषधाचा परिणाम दिसतोय की पिंजऱ्याचा?

मांडणी अशी: एपो-ई नॉकआउट नर उंदीर, १२ आठवडे पाश्चात्त्य आहार (२१% चरबी, ०.२% कोलेस्टेरॉल). शेवटचे ८ आठवडे एका गटाला ॲटोरव्हास्टॅटिन (कोलेस्टेरॉल कमी करणारं स्टॅटिन औषध) १० मिग्रॅ/किलो रोज तोंडावाटे, दुसऱ्याला नुसतं ०.५% सीएमसी (औषध नसलेलं वाहक द्रावण). प्रत्येक गटात ८ उंदीर, एका पिंजऱ्यात ४. ४ तास उपाशी ठेवून ईडीटीए (रक्त गोठू न देणारं रसायन) असलेल्या नळीत रक्त घेतलं. ५० मायक्रोलिटर प्लाझ्मात २०० मायक्रोलिटर थंड मिथेनॉल, मग १४,००० जी वर १५ मिनिटं, वरचा द्रव एलसी-एमएसवर (रेणू वेगळे करून वस्तुमानावरून ओळखणारं यंत्र).

अडचण पहिली, आणि हीच मोठी: पीसीएमध्ये (गट न सांगता नमुन्यांतला फरक दाखवणारी पद्धत) गट वेगळे होत नाहीत, पिंजरे होतात. फरक पाडणाऱ्यांत हिप्युरेट आणि टीएमएओ (दोन्ही आतड्यातल्या जिवाणूंच्या कामातून येणारे रेणू) वर आहेत, म्हणजे आतड्यातले जिवाणूच बोलतायत (उंदीर एकमेकांची विष्ठा खातात). पीएलएस-डीएमध्ये (गट आधी सांगून त्यांतला फरक शोधणारी पद्धत) गट छान सुटतात, पण लेबलं फिरवून पाहिलं की तेवढेच छान सुटतात, तेव्हा त्यावर विश्वास नाही. गटामागे दोनच पिंजरे असताना पिंजरा रँडम इफेक्ट म्हणून (म्हणजे पिंजऱ्या-पिंजऱ्यातला फरक मॉडेलमध्ये वेगळा धरून) घालण्यात अर्थ आहे का, की आहे तो डेटा बाजूला ठेवून प्रत्येक पिंजऱ्यात दोन्ही गटांचे उंदीर मिसळून प्रयोग परत करावा?

दुसरी: प्लाझ्मा दुधाळ आहे. दर ६ नमुन्यांनंतर पूल्ड क्यूसी (सगळे नमुने मिसळून केलेला तपासणीचा नमुना) आहे, तरी लायसोफॉस्फॅटिडिलकोलिनचा (एक लिपिड) आरएसडी (मोजमापातला सापेक्ष फरक) ३०% च्या वर. लोएस दुरुस्तीने (यंत्राचा सरकता कल वजा करण्याची पद्धत) थोडाच फरक पडला. उरलेल्या ३० मायक्रोलिटरसाठी एमटीबीईने (एक सेंद्रिय द्रावक) लिपिड वेगळे काढणं कुणी केलंय का? द्रावकांचं प्रमाण किती घेता?

(एकूण कोलेस्टेरॉल घटलं नाही, पण या उंदरांत स्टॅटिनचं असं होतं, त्यामुळे तो मुद्दा नाही.)