ऊस ट्रॉलीला आपोआप लागणारा ब्रेक हवाच, की पक्की पिन आणि साखळी पुरे?

कृष्णाकाठ: गाळप हंगामात एका ट्रॅक्टरमागे दोन भरलेल्या ट्रॉल्या धावतात आणि त्यांतल्या कितीतरींना ब्रेकच नसतो. हिशेब मांडू. प्रत्येक ट्रॉली १० टन, ट्रॅक्टर सव्वादोन टन. ट्रॅक्टरच्या ब्रेक असलेल्या मागच्या चाकांवर हुकाच्या ओझ्यासह अडीच टन भार आणि कोरड्या डांबरावर घर्षण ०.७ धरलं, तर रोखणारा जोर पावणेदोन टनांचा. समोर वजन २२ टनांचं. ताशी २५ किमीवरून सपाट रस्त्यावर थांबायला ब्रेक लागल्यानंतर ३१ मीटर लागतात, ५ टक्के उतारावर ८५. हे हुक शाबूत असताना. पिन निसटली तर ट्रॉलीला रोखायला काहीच नाही. संयुक्त राष्ट्रांच्या वाहन-ब्रेकविषयीच्या आर-१३ नियमात दीड टनापर्यंतच्या ट्रेलरला साखळी चालते. त्यावरच्या ट्रेलरला, जोड सुटताच आपोआप ब्रेक लागलाच पाहिजे. इथे १० टनांना साखळीसुद्धा धड नसते.

हुकपिन: ब्रेकच्या आधी पिन बघा. पिनेच्या जागी साधा बोल्ट, क्लिपऐवजी तार, झिजून लांबट झालेलं हुकाचं भोक: ट्रॉली सुटते ती यामुळे. योग्य मापाची कडक केलेली पिन, खाली लिंच पिन (पिन वर निसटू न देणारी कडीची छोटी पिन) आणि ट्रॉलीच्या जोड-दांड्याखालून फुलीत घेतलेल्या दोन साखळ्या हे काम प्रत्येक ट्रॅक्टरवाल्याला जमतं. ब्रेकचं तसं नाही. हंगाम संपला की ट्रॉली सात महिने पावसात उभी. ड्रम गंजतो, केबल आवरणात अडकते, रबर तडकतं. न चालणारा ब्रेक खोटा भरवसा देतो. त्यापेक्षा मागची दुसरी ट्रॉलीच जोडू नका.

वर्कशॉपवाला: पिनेबद्दल सहमत, साखळीबद्दल नाही. उतारावर ब्रेक नसलेली ट्रॉली साखळीने ट्रॅक्टरलाच बांधलेली राहते आणि मागून येऊन आदळते.
ब्रेकचा प्रकारही महत्त्वाचा. ओव्हररन ब्रेक स्वस्त पडतो: ट्रॅक्टर मंदावला की दांडा आत दाबला जातो आणि ब्रेक लागतो. पण रिव्हर्स घेतानाही दांडा दाबलाच जातो, त्यामुळे उलट फिरताना ब्रेक सोडणारी रचना नसेल तर शेतात चाकं जाम होतात. मग कोणीतरी लिव्हर तारेने बांधून टाकतं आणि ती तार रस्त्यावरही तशीच राहते. साध्या हायड्रॉलिकचा पाइप फुटला तर ब्रेक जातो, लागत नाही.
दोन पाइपांच्या एअर ब्रेकमध्ये उलट घडतं. हवा पुरवणाऱ्या लाल पाइपातला दाब गेला की ट्रॉलीवरचा व्हॉल्व्ह तिच्याच टाकीतली हवा ब्रेकला देतो.

हुकपिन: मग ब्रेकअवे केबल, म्हणजे ट्रॉली सुटताच ताणून तिचा ब्रेक लावणारी तार, का नको? त्याला ना कॉम्प्रेसर लागतो, ना टाकी.

वर्कशॉपवाला: एका ट्रॉलीला चालेल. केबल ट्रॅक्टरच्या चासीला बांधा, पिनेला किंवा हुकाला नाही, कारण हुकच तुटला तर केबलही त्याच्यासोबत जाते. दांड्याच्या मधोमध कडीतून घ्या, नाहीतर वळणावर ताणून ब्रेक लागेल. साखळीपेक्षा आखूड ठेवा, म्हणजे साखळी ताणण्याआधी ब्रेक लागतो.
दोन ट्रॉल्यांना मात्र केबल अपुरी आहे. पहिली ट्रॅक्टरपासून सुटली तर ब्रेक तिलाच लागतो. दुसरी तिला जोडलेलीच असल्याने तिची केबल ओढली जात नाही. मागून दुसरी ढकलते आणि जोडी कात्रीसारखी दुमडू शकते. एअर ब्रेकची लाल लाइन दोघींना एकच, म्हणून दाब गेला की दोन्ही ट्रॉल्यांना ब्रेक लागतो.

कृष्णाकाठ: "न चालणारा ब्रेक" ओळखायला पाच मिनिटं पुरतात. दाब ७ बारपर्यंत भरा, ट्रॅक्टर थांबवून लाल पाइप काढा, मग पहिल्या गिअरमध्ये हळूच ओढा. ट्रॉलीची चाकं फिरली तर ब्रेकची ढिलाई जुळवणारा स्लॅक अ‍ॅडजस्टर आणि लायनर बघा. टाकीतलं पाणी रोज सोडा.

हुकपिन: ही चाचणी कारखान्याच्या काट्यावर भरल्या ट्रॉलीसह होणार असेल तर माझा विरोध निम्मा. पण पाइप काढून ट्रॉली रात्रभर उभी केली तर हवा गळते आणि ब्रेक सुटतो. हवा नसतानाही स्प्रिंगने ब्रेक धरून ठेवणारा स्प्रिंग चेंबर नसेल तिथे चाकाखाली लाकडी ठोकळे लागतीलच. दुसऱ्या ट्रॉलीबाबत मत तेच: ५० एचपीच्या ट्रॅक्टरमागे २० टन नकोत, ब्रेक असो वा नसो.