थिंकपॅड ७०१सी: चिकट झालेल्या कव्हरसाठी मदत हवी आहे
मंडळी, काकांच्या कपाटात १९९५चा आयबीएम थिंकपॅड ७०१सी लॅपटॉप सापडला. झाकण उघडलं की कीबोर्डचे दोन तुकडे तिरके सरकत एकमेकांत बसतात आणि साडेअकरा इंची कीबोर्ड मशीनच्या दोन्ही कडांबाहेर येतो. जॉन कॅरिडिस यांची ही रचना आजही बघताना अंगावर काटा येतो!

पण इतकी वर्षं बंद राहून वरचा रबरी थर गुळासारखा चिकट झालाय, बोट लावलं की ठसा उमटतो. आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसलं तर थरच निघेल, आणि मला तो काळा मऊ पोत शक्यतो राखायचाय. कुणी हे केलंय का? शिवाय आतली जुनी बॅटरी गळायच्या आत काढायची आहे. पुण्यात असं मशीन हळुवार हाताने उघडणारे कुणी माहीत आहेत का? तोवर चार्जर लावत नाही.