अलॉटमेंट (भाजी पिकवायला भाड्याने मिळणारा जमिनीचा तुकडा) मिळालं! मेथी कधी पेरू?

तीन वर्षं यादीत थांबून इंग्लंडमधल्या स्लाउमध्ये अर्धा प्लॉट मिळाला. 5 रॉड (जुनं इंग्रजी माप), म्हणजे साधारण 125 चौरस मीटर. माती इतकी चिकट की फावड्यापेक्षा बुटालाच जास्त लागते. बाइंडवीड या वेलवर्गीय तणाची पांढरी मुळं शेवयांसारखी निघतायत. रोटाव्हेटर फिरवू का?

> अजिबात नको! मुळाच्या तुकड्या-तुकड्यातून नवा वेल फुटतो. बागकामाच्या फोर्कने हलकेच उकरा, वर पुठ्ठा अंथरा.

> मेथी एप्रिलअखेर पेरा, किराण्यातले दाणेही चालतात. उघड्यावर भेंडी लावायचा नाद मात्र सोडा.

पुठ्ठा घातला. शेजारच्या आजोबांनी रुबार्बचा (आंबट देठांची भाजी) गड्डा दिलाय. पानांची पातळभाजी होईल ना?

> अहो ताई, पानं विषारी! फक्त देठ घ्या, गूळ घालून आंबटगोड चटणी करा. आणि पहिल्या वर्षी देठही तोडू नका.