मदत हवी आहे : कोळंबीच्या टरफलांतून कायटिन काढताना सगळा चोथा झाला

मंडळी, नमस्कार.

मी कोल्हापुरात एमएस्सी रसायनशास्त्र करते. वहिनीची खानावळ आहे. रत्नागिरीची कोळंबी अंबा घाटातून येते आणि दुपारपर्यंत मागच्या दारी ओल्या टरफलांची बादली भरते. त्यात कायटिन (टरफलाला बळकटी देणारा, सेल्युलोजसारखा धागेदार पदार्थ) असतं, म्हणून प्रकल्पाला तोच विषय घेतला.

नेहमीची पद्धत म्हणजे हायड्रोक्लोरिक ॲसिडने कॅल्शियम कार्बोनेट काढायचं आणि कॉस्टिक सोड्याने प्रथिनं. पण ते धुवण पंचगंगेला जाऊन मिळणार. नदीची अवस्था आम्ही रोज बघतो, त्यात माझी भर नको. म्हणून डीप युटेक्टिक सॉल्व्हंट (दोन पदार्थ मिसळून तापवले की होणारं पातळ द्रावक) करायचं ठरवलं : कोलीन क्लोराइड एक भाग, लॅक्टिक ॲसिड दोन भाग.

शुद्ध कोलीन क्लोराइड परवडेना, म्हणून कोंबडीखाद्यात घालतात ती ६० टक्क्यांची पावडर आणली. ८० अंशांवर तासभर ढवळलं तरी तळाला तपकिरी भुसा राहिला तो राहिलाच. तशात वाळवून दळलेली टरफलं ओतली, तर फेस फसफसून बीकरच्या काठावरून हीटरवर! तीन तासांनी गाळायला घेतलं तेव्हा सगळं काकवीसारखं घट्ट. गाळणकागदातून रात्रभरात जेमतेम चमचाभर उतरलं. उरलेला चोथा धुऊन व्हिनेगरमध्ये टाकला, तोही विरघळला नाही.

चुकलं कुठे? गाळू कसं? हे द्रावक परत वापरता येतं का? सादरीकरण पंधरा दिवसांवर आलंय, काळजी वाटतेय.

प्रतिसाद :

ताई, तो भुसा मक्याचा. ६० टक्क्यांची पावडर बहुतेक वेळा दाणे काढलेल्या कणसाच्या भुशावर चढवलेली असते. आता तो कायटिनमधून वेगळा निघणार नाही, हा घाणा सोडून द्या. खाद्यवाल्यांकडेच ७५ टक्क्यांचं पातळ द्रावण मिळतं, ते आणून पाणी आटवा.

फेस कार्बन डायऑक्साइडचा. मोठं भांडं घ्या, टरफलं चमचा-चमचा घाला. गाळण्याआधी गरम पाणी घालून सैल करा आणि सुती कापडातून काढा.

व्हिनेगरचं मनाला लावून घेऊ नका. त्यात विरघळतं ते कायटोसान, म्हणजे कायटिनपासून पुढे बनवतात तो पदार्थ; कायटिन नाही. मात्र बुडबुडे आले तर कार्बोनेट शिल्लक आहे असं समजा.

द्रावकाचं म्हणाल तर १०० ग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट १८० ग्रॅम लॅक्टिक ॲसिड खातं आणि त्याचं कॅल्शियम लॅक्टेट होतं. म्हणजे दर खेपेला ॲसिडची भर घालावी लागणार. कोलीन क्लोराइड तेवढं खर्च होत नाही.

धागाकर्ती :

खूप आभार दादा! भुशाचं डोक्यातच आलं नव्हतं. पण मग कायटोसान करायचं तर?

प्रतिसाद :

त्याला नेहमीच्या रीतीने ४०-५० टक्क्यांचं कॉस्टिक लागतं, तेही तापवून.

धागाकर्ती :

मग कायटिनवरच थांबते. शुक्रवारची टरफलं फ्रीजरमध्ये ठेवायला वहिनीला सांगितलंय. नवा घाणा झाला की इथेच कळवते.