घरी एकटीच चांदीचं काम करतेय, अडलं की विचारायचं कुणाला?

चांदीवेडी
नमस्कार. मी कोल्हापुरात राजारामपुरीत राहते, दोन वर्षं झाली घरीच चांदीचे दागिने करतेय, अंगठ्या, कानातलं, छोटी पेंडंट. पुण्यात पाच दिवसांचा क्लास केला तेवढंच शिक्षण, बाकी सगळं व्हिडिओ बघून आणि चांदी वाया घालवून. गेल्या आठवड्यात एका चंद्रकोरीवर खडा बसवायला कोंदणाची पट्टी झाळत, म्हणजे सोल्डरनं जोडत होते, सोल्डरची गोळी झाली आणि ती तशीच बसून राहिली, पळतच नाही, म्हणून ज्योत जवळ नेली तर पट्टीच वितळली. दुसऱ्यांदा केलं, जमलं, साफ करायला तेजाबात, म्हणजे ॲसिडात टाकलं आणि बाहेर काढलं तर सगळा डाग, म्हणजे अख्खा दागिनाच लालसर! मला वाटलं चांदीतच भेसळ आहे, जिथनं घेतली तिथं जाऊन बोलून आले, जरा जास्तच बोलले. त्यांनी टंच, म्हणजे चांदीची शुद्धता, काढून दाखवलं, बरोबर निघालं. आता त्या दुकानासमोरनं जायला पण नको वाटतं. गुजरीत, सराफांच्या गल्लीत, दोन-तीन कारागिरांना विचारायला गेले तर एक म्हणाले, ताई हे तुमचं काम नव्हे. कोल्हापुरात असं कोण आहे का, जे स्वतः करतात आणि विचारलं तर सांगतात?

हुपरीचा पोरगा
ताई, चांदी चांगलीच हाय तुमची. तेजाबात लोखंडी चिमटा बुडवला असणार बघा. 925 म्हणजे हजारात 75 भाग दुसरा धातू, तो बहुतेक तांबंच असतो, ते थोडं थोडं तेजाबात उतरत जातं आणि लोखंड आत गेलं की तेच तांबं चांदीवर येऊन बसतं. तांब्याचा नायतर बांबूचा चिमटा वापरा. आता तो डाग परत हलका तापवा, तांबं काळं पडेल, मग ताज्या तेजाबात टाका, लोखंड लावू नका, धुऊन रिठ्याच्या पाण्यात पितळी ब्रशनं घासा. आणि तेजाब पातळ करताना पाण्यात तेजाब ओतायचं, तेजाबात पाणी कधीच नाही.

झाळीचं म्हणाल तर ज्योत सोल्डरवर धरू नका. चांदी उष्णता लगेच सगळीकडं पसरवते, त्यामुळं एका जागी कितीबी तापवा, पत्रा गार तो गारच आणि पातळ पट्टी मात्र झटक्यात जाते. खालचा जाड पत्रा आधी तापवायचा, ज्योत फिरवत, पट्टीला हात लावायचा न्हाई, जोडावर लावलेला टाकणखार (बोरॅक्स) काचेसारखा पातळ झाला की सोल्डर आपोआप गरम बाजूला पळतं. शुद्ध चांदी 961 अंशाला वितळते पण 925 ची 800 च्या पुढंच ढिली पडायला लागते, म्हणून खेळायला जागा लई कमी हाय. दोन्ही कडा घासून स्वच्छ आणि एकमेकीला टेकलेल्या पाहिजेत, फट असली की झाळ भरत न्हाई.

हे मी कुठं शिकलो नाही ओ. आमच्या हुपरीत पैंजणाचं काम वाटलेलं असतं, एका घरात तार ओढतात, दुसऱ्या घरात कड्या, तिसरीकडं झाळ, मग पॉलिश. सहावीत असताना मी माल पोचवायला जायचो, बघून बघून डोळ्यात बसलं. तुम्ही एकट्या बसताय, तुमच्या शेजारी कोण नाही, एवढाच फरक हाय.

जुना सोनार
वाचून वाईट वाटलं. आमच्या लोकांनी असं बोलायला नको होतं. पण खरं सांगतो, आमच्यातपण विद्या मुठीत धरायची सवय होती. माझ्या वडिलांना झाळीचं प्रमाण त्यांच्या काकांनी कधी सांगितलं नाही, काका गेले, प्रमाण गेलं.

माझा एक अनुभव सांगतो. पंचवीस वर्षांचा असताना एका आजींचा गळ्यातला कोल्हापुरी साज दुरुस्तीला आला होता, जुना, 21 पानांचा, एका पानाची कडी तुटलेली. मी सरळ तसाच धरून झाळायला घेतला. पानाशेजारचा जवमणी आत लाखेनं भरलेला, ती फुगली, फस्स करून बाहेर आली आणि जळली, मणी फाटला, धूर आणि तो वास अजून नाकात आहे. त्या आजींच्या सासूचा साज होता तो. पान सोडवून घ्यायचं, मणी ओल्या फडक्यात गुंडाळायचे आणि मगच ज्योत पेटवायची, एवढं एक वाक्य शेजारच्या पेढीवरच्या माणसाला माहीत होतं. मी विचारलं नाही, लाज वाटली. आजी एक शब्द बोलल्या नाहीत, ते जास्त लागलं. पुढं नवीन मणी करून, पटवेकऱ्याकडनं परत गाठवून दिला, पण मूळचा तो मूळचाच.

अजून एक, केडीएमची झाळ कोणी दिली तर घेऊ नका. त्यात कॅडमियम असतं, त्याचा धूर फुफ्फुसाला आणि मूत्रपिंडाला धरतो. घरात लहान मुलं असतील तर बिनकॅडमियमचीच मागा आणि खिडकी उघडी ठेवा.

माती आणि मोती
मी टेराकोटा आणि मोत्यांचं करते, ज्योतीचं मला काही कळत नाही, पण भीती मला वेगळीच होती, डिझाईन दाखवलं की कॉपी होणार. एकदा झालीही, माझी मोराची कानातली जशीच्या तशी दुसऱ्या स्टॉलवर दिसली, रडले होते त्या दिवशी. तरीसुद्धा आम्ही चौघी बसायला लागलो, कारण मोती, हुक आणि डब्या एकत्र घेतल्या तर स्वस्त पडतात आणि मुख्य म्हणजे किंमत कशी लावायची ते कळलं. मी आधी फक्त मालाचे पैसे धरायचे, माझे चार तास कुठंच नव्हते. दुसरीनं वही पुढं ठेवली, हे बघ तुझी मजुरी शून्य आहे म्हणाली.

जुना सोनार
कॉपीचं दुःख कळतं. पण साजाची पानं कोणती ते सगळ्यांनाच माहीत आहे, दशावतार, अष्टमंगल, माणिक, पाचू, ताईत, शेकडो वर्षं सगळे तेच करतात, तरी हातात घेतल्यावर मला कळतं कोणाच्या हातचं आहे. टाकणखार किती घालायचा हे सांगितल्यानं माझा हात कुणाला जात नाही. चांदीवेडी ताई, रविवारी दुपारी मी रिकामा असतो, डाग घेऊन या, ज्योत कशी धरता ते बघू. घरचं कोणी बरोबर आणा.

हुपरीचा पोरगा
काका मीपण येतो, साजाचं काम कधी जवळनं बघितलं न्हाई.

चांदीवेडी
काल रात्रीच करून बघितलं. ज्योत खालनं पत्र्यावर फिरवली, पट्टीकडं बघितलंच नाही, आणि एका क्षणात सोल्डरची चकचकीत रेघ पट्टीच्या सगळ्या बाजूनं पळाली! नवऱ्याला झोपेतनं उठवून दाखवलं. लाल डाग तापवून परत टाकला, पांढरा झाला. आज सकाळी त्या दुकानात जाऊन माफी मागून आले, चिमट्याचं सांगितलं, ते म्हणाले बसा, चहा घ्या.
काका, रविवारी येते, सासूबाई पण येतो म्हणतायत, त्यांच्या ठुशीचे दोन मणी निखळलेत, ते पण आणू का?